खबर द्यावी, निवाडा करू नये : क्रीडामंडळे आणि मुलांची सुरक्षितता

महाराष्ट्रातील तालमी, कबड्डी आणि खो-खोची मंडळे, मल्लखांबाचे वर्ग, शहरांतील क्रिकेटच्या व पोहण्याच्या अकादम्या आणि दर उन्हाळ्यात भरणारी शिबिरे येथे मुले रोज दोन-तीन तास काढतात. हे तास शाळेच्या तासांपेक्षा वेगळे असतात, कारण येथे शरीराच्या द्वारेच शिकायचे असते. पवित्रा दुरुस्त करताना शिक्षकाचा हात मुलाच्या अंगाला लागतो, कपडे बदलावे लागतात, मालिश होते, स्पर्धेसाठी परगावी मुक्काम पडतो आणि रात्री उशिरा कोणीतरी कोणालातरी घरी सोडते. यांतील कोणतीही गोष्ट मुळात वावगी नाही. परंतु या सर्व गोष्टी एका व्यक्तीच्या हाती एकवटल्या आणि त्यांवर दुसऱ्या कोणाची नजर राहिली नाही, की मूल त्या व्यक्तीच्या भलेपणावर पूर्णपणे विसंबून राहते. बहुसंख्य मंडळे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदलेली असल्यामुळे त्यांना जमाखर्चाची पत्रके तपासून घेऊन सादर करावी लागतात, आणि खजिनदाराच्या सचोटीबद्दल कोणालाही शंका नसली तरी त्याचे हिशेब दुसऱ्याने तपासणे हा कोणी त्याचा अपमान मानत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र अशी तपासणी सुचवली, की ती प्रशिक्षकावरील अविश्वास समजली जाते.

मुलाच्या हिताविषयी काळजी वाटावी अशी बाब म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. ती सिद्ध झालेला गुन्हा नसते. ती एखादी खूण, एखादे वाक्य किंवा वागण्यातला बदल असू शकते. नियमित येणारी मुलगी एका विशिष्ट प्रशिक्षकाच्या पाळीलाच गैरहजर राहू लागते. चौदा वर्षांच्या पैलवानाला खालच्या वजनगटात बसवण्यासाठी दोन दिवस पाणी तोडले जाते. दुखावलेल्या गुडघ्यानिशी मुलाला मैदानात उतरवले जाते. शिस्तीच्या नावाखाली पट्ट्याचे वळ उठतात. काही वेळा या खुणांचा उगम मंडळात नसून घरात असतो, आणि सराव घेताना मुलाच्या पाठीवरचे व्रण सर्वप्रथम प्रशिक्षकाच्याच नजरेस पडतात. म्हणून क्रीडामंडळ हे धोक्याचे ठिकाण होऊ शकते तसेच ते मुलाला आपली व्यथा सांगण्याची पहिली जागाही होऊ शकते, आणि प्रामाणिक प्रशिक्षकांचा मोठा वर्ग या दुसऱ्या भूमिकेसाठीच तयार झाला पाहिजे.

मुले बोलत का नाहीत, याची कारणे खेळाच्या व्यवस्थेतच दडलेली आहेत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलण्यात आले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सांगितले, त्यांत मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिकच होते, आणि बहुतेकांनी ती गोष्ट कोणाकडेही नोंदवली नव्हती. खेळात या मौनाला आणखी एक थर चढतो. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण, राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण, जिल्हा संघातील निवड, या सर्वांची वाट प्रमाणपत्रांतून जाते आणि प्रमाणपत्रांची वाट प्रशिक्षक व संघटनेच्या पदाधिकाऱ्यांतून. शेतमजुराच्या घरातील मुलीच्या दृष्टीने ‘सरांचे नाव घेणे’ म्हणजे कधीकधी घराच्या एकमेव आशेवर पाणी सोडणे ठरते. सेलिया ब्रॅकेनरिज या ब्रिटिश संशोधक विदुषीने सँड्रा कर्बी यांच्यासह १९९७ मध्ये मांडलेला एक विचार येथे फार उपयोगी आहे: खेळाडू उच्च पातळीवर पोहोचण्याच्या अगदी उंबरठ्यावर असतो तो टप्पा सर्वाधिक जोखमीचा असतो, कारण गुंतवलेली वर्षे परत मिळत नाहीत आणि यश हाताच्या अंतरावर दिसत असते. वस्ताद आणि पठ्ठा यांच्या नात्यातील निष्ठा हा मराठी कुस्तीचा मोठा ठेवा आहे. पण जी निष्ठा प्रश्न विचारण्याची मुभा देत नाही, ती वाईट माणसाच्या हाती पडल्यास मुलाच्या तोंडावरचा हात बनते.

भारतातील क्रीडासंघटनांच्या इतिहासात या विषयाचा सर्वांत वेदनादायक धडा हरियाणातील पंचकुला येथे मिळाला. १९९० च्या ऑगस्टमध्ये चौदा वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीने राज्य लॉन टेनिस संघटनेच्या अध्यक्षाविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. हा अध्यक्ष त्याच वेळी पोलीस महानिरीक्षकही होता. मुलीचे नाव पुढे देशभर छापले गेले असले तरी येथे ते घेतलेले नाही, कारण बालकाचे नाव न उच्चारता त्याच्या वेदनेविषयी बोलता येते हे प्रत्येक मंडळाने शिकायचे आहे. तिच्या बाजूने जे असायला हवे ते जवळजवळ सर्व होते: प्रत्यक्षदर्शी मैत्रीण होती, काही दिवसांतच दिलेली लेखी तक्रार होती, आणि राज्याच्या पोलीस महासंचालकांनी सप्टेंबर १९९० मध्येच चौकशी करून गुन्हा नोंदवण्याची शिफारस केली होती. तरी गुन्हा नोंदला गेला नाही. मुलीला शाळेतून काढण्यात आले, तिच्या भावावर वाहनचोरीचे अनेक गुन्हे लावले गेले, आणि डिसेंबर १९९३ मध्ये तिने विष घेऊन जीवन संपवले. मैत्रिणीच्या आईवडिलांनी लढा सोडला नाही म्हणून न्यायालयाच्या आदेशानंतर १९९९ मध्ये गुन्हा दाखल झाला, डिसेंबर २००९ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली, २०१० मध्ये ती अठरा महिन्यांपर्यंत वाढली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून भोगलेल्या काळापुरतीच शिक्षा मर्यादित केली. या प्रकरणाकडे बहुधा सत्तेच्या गैरवापराची कथा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु क्रीडामंडळाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तक्रार ज्याच्याविरुद्ध होती तोच संघटनेचा प्रमुख होता, त्यामुळे संघटनेच्या आत ती घेऊन जाण्यासारखे एकही दार नव्हते; आणि चौकशी झाली, अहवाल आला, पण त्या चौकशीने गुन्ह्याच्या नोंदीची जागा अडवून धरली.

हीच गोष्ट परदेशांतही घडली. इंग्लंडमध्ये अँडी वुडवर्ड या माजी फुटबॉलपटूने नोव्हेंबर २०१६ मध्ये बालपणी प्रशिक्षकाकडून झालेल्या अत्याचाराविषयी उघडपणे सांगितल्यावर शेकडो माणसे पुढे आली. त्यानंतर नेमलेल्या क्लाइव्ह शेल्डन यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ऑक्टोबर १९९५ ते मे २००० या काळात मुलांच्या संरक्षणाचे उपाय योजण्यास उशीर लावणे हा फुटबॉल संघटनेचा संस्थात्मक दोष ठरवण्यात आला. क्लबांच्या वरिष्ठांपर्यंत ज्या थोड्या तक्रारी पोहोचल्या होत्या त्यांची हाताळणीही क्वचितच योग्य झाली होती. अमेरिकेत लॅरी नासर या जिम्नॅस्टिक्सच्या डॉक्टरविरुद्धची तक्रार जून २०१५ मध्ये राष्ट्रीय संघटनेकडे आली, तेव्हा संघटनेने आधी स्वतःची खासगी तपासणी करवून घेतली आणि सुमारे पाच आठवड्यांनी तपासयंत्रणेला कळवले. पुढे त्या तपासयंत्रणेनेही वर्षभराहून अधिक काळ ढिलाई केल्याचे अमेरिकी न्यायखात्याच्या महानिरीक्षकांच्या जुलै २०२१ च्या अहवालात नमूद आहे, आणि तोवर नासर मुलींवर उपचार करीतच राहिला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथे झालेल्या कायद्याने क्रीडासंघटनांतील प्रौढांवर अशी खबर चोवीस तासांत देण्याचे बंधन घातले.

भारतीय कायदा याबाबत त्याही आधीपासून स्पष्ट आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजेच ‘पोक्सो’, अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला, मुलगा असो वा मुलगी, बालक मानतो. त्याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्याला ठाऊक आहे किंवा तो घडण्याची ज्याला भीती वाटते, अशा प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना खबर दिली पाहिजे. ती लेखी नोंदवून, क्रमांक देऊन, खबर देणाऱ्याला वाचून दाखवायची असते. मुलाने स्वतः सांगितल्यास त्याला समजेल अशा सोप्या भाषेत लिहायची असते. कलम २१ नुसार खबर न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो, आणि हाताखालच्या व्यक्तीने केलेला अपराध दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास व दंड. संस्थेला कोणतेही नाव असो, असे कायदा म्हणतो. म्हणजे तालीम, मंडळ, अकादमी, प्रबोधिनी यांत भेद नाही आणि कार्यवाहांचे पद मानद असल्याने जबाबदारी कमी होत नाही. बालकाला मात्र न सांगितल्याबद्दल शिक्षा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचारांच्या प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती दडवल्याचा आरोप होता. त्याच्याविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि तत्काळ खबर देण्याचे महत्त्व अधोरेखित केले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराच्या प्रकरणातही लोकांच्या संतापाचे एक मोठे कारण दिरंगाई हेच होते.

असे असूनही मंडळांत पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: आधी आपण खात्री करून घेऊ. कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली जाते, प्रशिक्षकाला समोर बसवून विचारले जाते, मुलीला पुन्हा सांगायला लावले जाते, तिच्या वडिलांना ‘मुलीच्या भवितव्याचा’ विचार करण्याचा सल्ला मिळतो, आणि शेवटी दोन्ही बाजूंकडून लिहून घेऊन प्रकरण मिटवले जाते. यामागे प्रत्येक वेळी दुष्ट हेतू असतो असे नाही. एखाद्यावर खोटा आळ येऊ नये ही भावना चांगलीच आहे. पण परिणाम घातक होतो. आरोप असलेल्या माणसाला आधी सुगावा लागतो, फोनमधील संदेश पुसले जातात, मुलाला सूचक प्रश्न विचारून त्याचे कथन नकळत बदलले जाते, आणि पाच अनोळखी प्रौढांपुढे बोलण्याचा अनुभव त्याला कायमचे गप्प करतो. वीस वर्षे एकत्र मैदान झाडलेल्या सहकाऱ्याविषयी निःपक्ष निर्णय देणे कोणाही कार्यकारिणीला शक्य नसते. कायद्याने ते तिच्यावर सोपवलेलेही नाही. खबर देणारा खरेखोटे ठरवत नाही, तो ऐकलेले आणि पाहिलेले योग्य ठिकाणी पोहोचवतो. सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, हे कलम १९ मध्येच सांगितले आहे. कलम २२ ची शिक्षा जाणूनबुजून, द्वेषाने खोटे सांगणाऱ्या प्रौढासाठी आहे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या अधिनियमात क्रीडासंस्था, स्टेडियम व स्पर्धेची ठिकाणे यांचा स्पष्ट समावेश आहे, त्यामुळे मोठ्या संस्थांत अंतर्गत समिती असते व असलीच पाहिजे. परंतु बालकाच्या बाबतीत त्या समितीची चौकशी पोलिसांकडील खबरीची जागा घेऊ शकत नाही, आणि मुलगे तर तिच्या कक्षेतच येत नाहीत.

मूल प्रत्यक्ष बोलते तो क्षण जवळून पाहण्यासारखा आहे, कारण सुरक्षित खबरीचा पाया तेथे घातला जातो. ते बहुधा मुख्य प्रशिक्षकाकडे जात नाही. सराव संपल्यावर साहित्य आवरताना, चटया गुंडाळताना, ते एखाद्या तरुण साहाय्यकाशी किंवा मैदान सांभाळणाऱ्या मावशींशी अर्धे वाक्य बोलते आणि समोरच्याचा चेहरा पाहते. त्या वेळी धक्का बसल्याचे दाखवू नये, ‘नक्की का?’ असे विचारू नये, ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही आणि मोडल्यावर मुलाचा प्रौढांवरचा उरलासुरला विश्वास जाईल. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी काही चूक नाही, हे मला एकदोन माणसांना सांगावे लागेल आणि कोणाला सांगणार ते तुला आधी कळवीन’ एवढे पुरेसे आहे. त्यानंतर त्याच दिवशी लिहून ठेवावे. समजा, मुलगी म्हणाली, ‘सर मला मालिशला एकटीलाच खोलीत बोलावतात, मला नाही जायचं’. तर नोंदीत हेच शब्द, तिच्या बोलीत, तारीख, वेळ, जागा आणि जवळ कोण होते यांसह उतरले पाहिजेत. ‘संबंधित खेळाडूशी अनुचित वर्तन झाल्याचे समजते’ असे कार्यालयीन वाक्य लिहिले, तर तपास करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. लिहिणाऱ्याने स्वतःचे मत वेगळे ठेवावे, खाली सही करावी आणि कागद कुलुपात ठेवावा. त्याचे छायाचित्र पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये.

गुन्हा ठरणार नाहीत अशा लहान बाबींचे काय करावे, हा मंडळांसमोरचा अधिक नित्याचा प्रश्न आहे. प्रशिक्षक एकाच मुलाला रोज दुचाकीवरून घरी सोडतो, रात्री अकराला एखाद्या मुलीला वैयक्तिक संदेश पाठवतो, शिबिरात मुलांच्याच खोलीत झोपतो. यांतील एकेक गोष्ट निरागस असू शकते. पण मुलाचा आणि त्याच्या पालकांचा विश्वास टप्प्याटप्प्याने जिंकून त्याला इतरांपासून तोडण्याची पद्धत अशाच लहान पावलांनी चालते, आणि पाच वेगवेगळ्या माणसांनी पाहिलेली पाच पावले एका वहीत एकत्र आली तरच तिचा आकृतिबंध दिसतो. म्हणून मंडळाने दोन माणसे, त्यांपैकी किमान एक महिला आणि किमान एक प्रशिक्षणाशी किंवा निवडीशी संबंध नसलेली, बालसुरक्षेसाठी नेमावीत आणि अशा बारीक नोंदी त्यांच्याकडे याव्यात. अध्यक्षाविरुद्धच तक्रार असेल तर कोठे जायचे, याचे उत्तर आधीच लिहिलेले असले पाहिजे, आणि ते उत्तर मंडळाबाहेरचे असले पाहिजे: पोलीस, जिल्ह्याची बालकल्याण समिती, किंवा १०९८ हा क्रमांक. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने सुरू झालेली ही बालसाहाय्य सेवा आज शासनामार्फत देशभर चालते आणि मूल स्वतः तेथे विनामूल्य फोन करू शकते. २०२५ च्या जानेवारीत केरळमधील पथनमथिट्टा येथे एका तरुण खेळाडू मुलीने वर्षानुवर्षे चाललेल्या अत्याचारांची वाच्यता घरी आलेल्या समाजकार्यकर्त्यांपुढे केली आणि बालकल्याण समितीमार्फत ते पोलिसांपर्यंत गेले; आरोपींत खेळातली माणसेही होती. ती क्रीडाक्षेत्राबाहेरच्या माणसांशी बोलू शकली, ही बाब मंडळांनी नीट लक्षात घ्यावी.

मार आणि उपासमार यांविषयी थोडक्यात सांगता येईल. त्यांना ‘पोक्सो’ लागू नसला तरी बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलाला ताब्यात किंवा देखरेखीत असताना क्रूरपणे वागवणे हा गुन्हा आहे, आणि ‘आमच्या वेळी आम्हीही खाल्ला’ हा त्यावर बचाव नाही.

गुप्तता आणि लपवाछपवी यांत मात्र घोटाळा होऊ देऊ नये. गोव्यात सप्टेंबर २०१९ मध्ये पंधरा वर्षांच्या जलतरणपटूच्या विनयभंगाचा आरोप प्रशिक्षकावर झाला, तेव्हा त्यासंबंधीची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली. प्रशिक्षकाला अटक झाली, संघटनेने त्याला काढले, पण त्या मुलीचे दुःख हजारो पडद्यांवर फिरले. तक्रार पश्चिम बंगालमध्ये नोंदवून पुढे गोव्याच्या पोलिसांकडे वर्ग झाली होती, यावरून एवढे तरी कळते की अपराध दुसऱ्या राज्यात घडला म्हणून कोणत्याही पोलीस ठाण्याने खबर नाकारायची नसते. बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास कलम २३ ने मनाई आहे, आणि ती ओळख नावाबरोबरच शाळा, गल्ली, वजनगट किंवा पदकावरूनही उघड होते, हे छोट्या गावात विशेष जपावे लागते. हीच गुप्तता आरोप असलेल्या माणसालाही न्याय देते: तपास संपेपर्यंत मंडळाने त्याला मुलांपासून दूर ठेवावे, पण मैदानावर त्याची निंदा करू नये.

खबर दिल्यानंतरचे दिवस मुलासाठी सर्वांत कठीण असतात. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवायचे असते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो, आणि त्या वेळी मुलाच्या विश्वासाचे माणूस जवळ असू शकते. हे पालकांना आधी सांगितले, तर पोलीस ठाण्याच्या पायरीची निम्मी भीती जाते. कायद्याला जे सांगता येत नाही ते मंडळाने करायचे आहे: मुलाचा सराव थांबू नये, त्याची निवड रोखली जाऊ नये, जागा सोडावी लागलीच तर ती मुलाला सोडावी लागू नये, आणि खबर देणाऱ्या साहाय्यकाची मानधनाची नेमणूक पुढच्या वर्षी गुपचूप खंडित होऊ नये. बहुतेक मंडळांत याच टप्प्यावर माणसे हरतात.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमाने राष्ट्रीय संघटनांसाठी महिला व अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणाचे सुरक्षित क्रीडा धोरण आणले आहे आणि ते स्वागतार्ह आहे. परंतु गल्लीतल्या तालमीत त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, कारण खबर देण्याचे बंधन तिच्यावर आजही आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रत्येक मंडळाने दोन बालसुरक्षा प्रतिनिधींची नावे ठरावाने मंजूर करावीत, ती नावे आणि १०९८ हा क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर, कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर लावावा, आणि उन्हाळी शिबिराच्या प्रवेशपत्रकावर फीच्या आकड्याआधी तो छापावा.